गाळलेला संकोच

बाळगोंडा चौगुले यांचा आवाज मी दुरुस्त केला. हे वाक्य मी अर्जांत वापरले आहे, वार्षिक अहवालात वापरले आहे, एकदा तर सत्काराला उत्तर देतानाही वापरले आहे. आज ते लिहिताना प्रत्येक शब्दाला हात लावायची भीती वाटते, जणू त्यात अजून प्रवाह आहे.

मी गार्गी तेरदाळे. मराठी घेऊन एम. ए. झाले तेव्हा माझा प्रबंध कवितेतल्या कोऱ्या जागांवर होता. ओळ तुटते, कवी गप्प होतो आणि अर्थ मात्र चालत राहतो, त्या जागांवर. एकशे ऐंशी पाने मी न लिहिलेल्याविषयी लिहिली. त्या प्रबंधाने नोकरी दिली नाही. ती दिली आमच्या भागातल्या वीज कंपनीच्या प्रशिक्षण केंद्राने. हुद्दा होता मनोबल व संवादकौशल्य प्रशिक्षक. वायरमन, ऑपरेटर, बिलांच्या खिडकीमागचे कारकून, सगळे पंधरा-पंधराच्या तुकड्यांनी माझ्यासमोर येत, आणि मी फळ्यावर तीन शब्द लिहीत असे: उमेद, चिवटपणा, संवाद.

बाळगोंडाअण्णा पहिल्या तुकडीत होते. वय एक्कावन्न, खांद्यांवर खांबांचा काळसर घट्टा.

"स्वतःविषयी तीन वाक्यं सांगा," मी म्हणाले.

"मी बाळगोंडा... म्हणजे, बाळगोंडा आप्पासो चौगुले. वायरमन. तसं आता... लाइनमन म्हणत्यात. सत्तावीस वर्षं झाली. अठ्ठावीसच म्हणायची."

"अण्णा, तिसरं वाक्य येईस्तोवर निवृत्त व्हाल!" मागून कोणीतरी ओरडले. वर्ग हसला. अण्णाही हसले, पण त्यांचे कान तांबडे झाले होते.

चहाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. बढतीच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाले होते. "साहेब इचारत्यात, उत्तर माझ्याजवळ असतंय मॅडम. पण भायेर यायचं म्हणलं की ते चप्पल हुडकत बसतंय."

मला ते वाक्य फार आवडले. वहीत टिपून ठेवले. आणि त्याच वहीत, त्याच पानावर, त्यांच्या नावापुढे लिहिले: संकोच तीव्र. दोष दूर करण्याजोगा.

तो दूर करायला 'निःसंकोच' नावाची पट्टी नुकतीच आली होती. बोटभर रुंद, कातडीच्या रंगाची, घशाला चिकटवायची. शब्द ओठांवर येण्याआधी घशात येतो. मेंदूची आज्ञा सुटली की स्वरयंत्राभोवतीच्या स्नायूंत अतिसूक्ष्म विद्युत्स्पंद उमटतात. पट्टी हे स्पंद वाची आणि त्यांतून दोन प्रवाह वेगळे काढी. एक आशयाचा, दुसरा संकोचाचा. चाचरणे, पुनरुक्ती, 'म्हणजे', 'तसं बघितलं तर', लांबलेला श्वास, हे सगळे दुसऱ्या प्रवाहात जाई. तो गाळून जे उरे त्याचे वाक्य पट्टी माणसाच्याच आवाजात नव्याने घडवी आणि पाव सेकंदात फोनवर किंवा माइकवर पाठवी.

खरी किमया पुढची होती. तेच वाक्य कानामागच्या हाडातून बोलणाऱ्यालाही ऐकू जाई. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज कसा ऐकू येईल याची अपेक्षा मेंदू आधीच बांधून ठेवतो, आणि त्या अपेक्षेशी जो आवाज जुळेल त्यालाच तो 'मी' म्हणतो. तोंडातून निघालेले चाचरते वाक्य आणि हाडातून आलेले ठाम वाक्य यांपैकी तो एकच ठेवतो. सवयीने ठाम ते ठेवतो. तीन आठवड्यांत माणसाला आपण ठामच बोललो असे प्रामाणिकपणे आठवू लागते. स्वतःला ठाम बोलताना जो रोज ऐकतो, तो पुढे ठाम वागू लागतो. तासन्तास भाषणे देऊन मला जे साधले नव्हते ते बोटभर पट्टीने साधले.

अण्णांची तिसरी परीक्षा संगणकाच्या पडद्यावर, माइकवरून झाली. ते पास झाले. प्रधान तंत्रज्ञ झाले. दुसऱ्या दिवशी शेतातल्या काकवीची बाटली घेऊन केंद्रावर आले.

"मंडळी म्हणतीया, फोनवर कोण साहेब बोलतोय आमच्यात?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर देऊन हसले. त्या हसण्यावर माझा हक्क होता असे मला तेव्हा वाटले. ते हसणे खोटे नव्हते, हेही इथे नोंदवायला हवे. पट्टीने त्यांना काही दिले होते. म्हणूनच तिने काय नेले ते पाहायला मला कुणी लावले नाही.

पट्टीवर संकोचाची पातळी ठरवता येई. शून्य म्हणजे एकही अडखळ पुढे जाऊ द्यायची नाही. इतरांच्या पट्ट्या मी तीनवर ठेवत असे. कामाच्या फोनवरच्या स्पष्टतेला महिन्याला गुण मिळत आणि त्या गुणांवर आमच्या केंद्राचा क्रमांक ठरे. अण्णांची पट्टी मी शून्यावर नेली.

महिनाभराने शमीम मुजावर आल्या. हिरणगे उपकेंद्राच्या ऑपरेटर, माझ्याच वयाच्या. खांबावर काम करायचे असले की वायरमन त्यांना फोन करतो. त्या लाइन बंद करतात. तो तारांना जमिनीशी जोडणारी साखळी अडकवतो, म्हणजे चुकून प्रवाह आलाच तर जमिनीत जावा. काम झाल्यावर साखळी काढतो, खाली उतरतो, पुन्हा फोन करतो, आणि मग शमीम लाइन सुरू करतात. दोन माणसांमध्ये तेवढा एक फोन असतो. बाकी सगळा ऊस.

"मॅडम, अण्णांच्या पट्टीचं बोलायचं होतं."

"चांगलं बोलतात ना आता?"

"लई चांगलं. तेच तर." त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. "आधी ते 'संपलं' म्हणायचे ना, त्यातच मला कळायचं. 'संपलं, म्हणजे संपलंच म्हणायचं' असं आलं की मी लाइन चालू करत नव्हते. म्हणायचे, अण्णा, जेवलात का? ते म्हणायचे, न्हाई अजून, साखळी बघून येतो. मग परत फोन. आठ वर्षं आमचं असंच चाललंय. आता नुसतं 'काम पूर्ण झाले आहे'. बातम्या दिल्यागत. झालंय का नाही ते मला ऐकूच येत नाही. आणि 'जेवलात का' तुम्ही बंद केलंय."

"ते अनावश्यक संभाषण आहे, शमीमताई. गुण जातात."

"जाऊ देत की. विचारायला तोंड दुखतंय व्हय?"

मी हसले. माझ्या घशालाही पट्टी होती. "बदल पचवायला वेळ लागतोच. पण त्यांची उमेद वाढतेय, तर आपण त्यांना मागं खेचायचं नाही. पुढच्या सत्रात 'बदलाशी जुळवून घेताना' हा विषय आहे. तुमचं नाव घालते."

त्या खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "बरं, मॅडम."

त्या गेल्यावर मी त्यांचे नाव सत्राच्या यादीत घातले. आणखी कुठेही काही लिहिले नाही.

अठराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी साडेअकराला, अण्णांनी हिरणग्याच्या तीन नंबर फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या तिसऱ्या लाइनवरून, शमीमना फोन केला. शमीमनी नियमाप्रमाणे वाक्य परत म्हणून विचारले, त्यांना नियमाप्रमाणे होकार मिळाला, त्यांनी लाइन सुरू केली. त्याच वेळी अण्णा पुन्हा वर चढले होते. पलीकडच्या तारेवरची साखळी काढली की राहिली, हे पाहायला. साखळी राहिली होती. अण्णांचा हात तिच्यावर होता. उपकेंद्रातला ब्रेकर क्षणात पडून प्रवाह तुटला, पण तो क्षण पुरला. उजवा हात कोपराखाली गेला.

चौकशी मंडल कार्यालयाच्या सभागृहात झाली. चौकशी अधिकारी श्री. वाळिंबे मृदू बोलणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी फोनची ध्वनिफीत लावली.

"काम पूर्ण झाले आहे. लाइन सुरू करावी."

"तीन नंबर फीडर, सगळे खाली, लाइन सुरू करू?"

"होय."

आवाज अण्णांचा होता. स्वच्छ, उजळ, पाणी मारून पुसलेल्या फरशीसारखा. तो ऐकून कुणालाच काही विचारावेसे वाटले नसते, आणि शमीमवरचा आरोप नेमका तो होता: ऑपरेटरने जादा खात्री केली नाही.

"मी आधीच सांगितलं होतं," शमीम म्हणाल्या. त्यांनी पट्टी लावली नव्हती, आवाज कापत होता. "मॅडमना जाऊन सांगितलं होतं, अण्णांचं आता मला कळत नाही म्हणून."

वाळिंबे माझ्याकडे वळले. तक्रार आली होती हे सिद्ध झाले तर दोष शमीमवरून उठून प्रशिक्षण केंद्रावर येणार होता, म्हणजे माझ्यावर. नाही झाले तर शमीमची नोकरी जाणार होती. हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

मी माइक ओढला. "अशी कोणतीही तक्रार माझ्याकडे नोंदवलेली नाही."

हे वाक्य खरे होते. त्याचा प्रत्येक शब्द तपासून घ्यावा असा खरा होता. शमीमनी माझ्याकडे पाहिले नाही. समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिल्या. त्यांना निलंबित केले गेले. बडतर्फीचा निर्णय पुढच्या बैठकीत, बारा दिवसांनी व्हायचा होता.

मी इस्पितळात गेले ती सांत्वन करायला. सांत्वन कसे करावे यावर माझा एक तास ठरलेला असे, त्याचे मुद्दे मला पाठ होते. खाटेशेजारी अण्णांच्या पत्नी सुमतीकाकू मोसंबी सोलत बसल्या होत्या.

"मॅडम, आलासा व्हय," अण्णा म्हणाले. "बरं झालं. माझी पट्टी कुठं हाय?"

"ती... जळाली, अण्णा."

"दुसरी द्या की. साहेब माझा जबाब घ्यायला हितं येणार हाईत. शमीमची चूक न्हाई म्हणून सांगायचं हाय. आन् मी असा अडखळत बोललो तर कोण धरतंय? ठासून सांगाय पायजे."

"मग चूक कुणाची, अण्णा?"

"माझीच की." त्यांनी चटकन सांगितले, पाठ केल्यासारखे. मग थांबले. "संपलं म्हणलो, आन् मीच परत वर गेलो. येड्यागत. मला सारखं वाटतंय, मी 'संपलंच म्हणायचं' म्हणलो हुतो. तसं म्हणलो असतो तर ती थांबलीच असती. पण टेपात न्हाई. साहेबांनी ऐकवली मला. माझाच आवाज हाय. म्हणजे न्हाईच म्हणलो."

"चार दिवस झालं, हेच घोकायल्यात," सुमतीकाकू माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "म्हणलो का न्हाई म्हणलो."

"बायामाणसाची नोकरी जाईल की माझ्या तोंडामुळं," अण्णा म्हणाले. "पयल्यापासनं मला बोलायचं जमलंच न्हाई बघा."

आठ वर्षे ज्या अडखळण्याने त्यांना जिवंत ठेवले, त्याचीच ते लाज धरून बसले होते. ती लाज मी त्यांना दिली होती. पंधरा माणसांसमोर, फळ्यावर तीन शब्द लिहून. मी काहीतरी पुटपुटायला गेले. पट्टीने ते गाळले असावे, कारण माझ्या कानात मला माझेच स्वच्छ वाक्य ऐकू आले: "तुम्ही आराम करा अण्णा, मी बघते."

पट्टी न गाळलेले मूळ स्पंदही केंद्राच्या संगणकावर जपून ठेवते, तीस दिवस, प्रशिक्षकाला सुधारणा करता यावी म्हणून. ते फक्त प्रशिक्षकालाच उघडता येतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. चौकशीत कुणी विचारले नव्हते आणि मी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे डबे खायला गेले असताना, मी अण्णांचा मंगळवार उघडला. स्पंदांत वारा नसतो, उसाची सळसळ नसते. फक्त घसा असतो.

"हां शमीम... संपलं... म्हणजे..." मग चार सेकंद काहीच नाही. "...संपलंच म्हणायचं. घ्या लाइन... तसं..."

आणि शमीमच्या प्रश्नानंतर: "हां... करा... म्हणजे..."

त्या चार सेकंदांत साखळी होती. पलीकडची तार होती. मागे वळून पाहणारा एक माणूस होता, आणि पलीकडची बाई आपल्याला नेहमीसारखी समजून घेईल हा त्याचा भरवसा होता. माझ्या एकशे ऐंशी पानांत एवढी भरलेली कोरी जागा मला एकदाही सापडली नव्हती.

मी तिथेच थांबले असते तर या गोष्टीत मी निदान पश्चात्ताप झालेली बाई ठरले असते. पण मी माझेही स्पंद उघडले. चौकशीच्या दिवसाचे. मला एक अडथळा हवा होता. एखादा गिळलेला आवंढा, जिभेवर येऊन परतलेला एखादा 'हो, पण', म्हणजे मला म्हणता आले असते की मी खरे बोलायला निघाले होते आणि पट्टीने मला पुसून टाकले. मी आवाज वाढवला. आलेख मोठा केला. आशयाची रेषा उंच-सखल होती. तिच्याखालची संकोचाची रेषा पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सपाट होती.

पट्टीला गाळण्यासारखे काही सापडलेच नव्हते. वाक्य माझे होते, जसेच्या तसे.

पुढच्या बैठकीला मी पट्टी न लावता गेले. अण्णांचे मूळ स्पंद आवाजात उतरवून नेले होते. ते सभागृहात लावले. "संपलं... म्हणजे..." आणि ते चार सेकंद आले. कुणीतरी खुर्ची सरकवणार होते, ते थांबले. तेवढ्यात समोरच्या रांगेतून, अगदी हळू, विचार न करता निघालेला आवाज आला:

"अण्णा, परत बघून या."

शमीमनी ओढणी तोंडावर धरली. आपण मोठ्याने बोललो हे त्यांना त्यानंतर कळले.

वाळिंब्यांनी समोरचे कागद नीट केले. मग मला म्हणाले, "बोला, तेरदाळे मॅडम."

"शमीम मुजावर... माझ्याकडे आल्या होत्या. अपघाताच्या आधी... अठरा दिवस. त्यांनी मला सांगितलं की..." सभागृह माझ्या तोंडाकडे पाहत होते. अण्णांचे कान का तांबडे झाले होते ते मला आता कळत होते. "त्यांनी सगळं सांगितलं. जे आता तुम्ही ऐकलं, तेच. मी ते लिहून घेतलं नाही."

"कदाचित त्या वेळी तुम्हाला त्याचं गांभीर्य समजलं नसेल," वाळिंबे म्हणाले. ते मला मदत करत होते.

"समजलं होतं. त्याच... त्याच वेळी. शांततेचा अर्थ लावणं, हेच तर मी शिकले होते. समजलं, आणि मी त्यांना प्रशिक्षणाच्या यादीत घातलं."

कोपऱ्यातल्या लिपिकाचे टंकणे थांबले. वाळिंब्यांनी चष्मा काढला. "हे पाहा, मागच्या वेळचं तुमचं निवेदन इतकं स्पष्ट होतं. तुम्हीही ती पट्टी लावली होती ना? तिनं यांचं वाक्य बदललं, तसं तुमचंही बदललं असेल. यंत्रानं विपर्यास केला, असं नोंदवूया? मुजावर बाई सुटतील, तुमच्यावरही काही येणार नाही."

वाट मोकळी होती. मला फक्त मान हलवायची होती.

"माझा आलेख सोबत जोडलाय," मी म्हणाले. "संकोच... शून्य. ते वाक्य माझं आहे."

लिपिकाने वाळिंब्यांकडे पाहिले. वाळिंब्यांनी मान हलवली, आणि टंकणे पुन्हा सुरू झाले.

जिन्याच्या तोंडाशी शमीम उभ्या होत्या. निलंबन मागे घेतल्याचा कागद त्यांनी दुमडून मुठीत धरला होता. माझ्यावरचे आरोपपत्र आठवड्याभरात येणार होते.

"शमीमताई, मी... मला..."

"माफीबिफी नंतर," त्या म्हणाल्या. "आणि असं अर्ध्यात सोडू नका. अर्ध्याचं पुरं करून घ्यायची माझी सवय मोडलीय आता. अण्णांना अजून वाटतंय त्यांचंच चुकलं. त्यांना कोण सांगणार?"

"अहवालाची प्रत मी त्यांना..."

"प्रत नको. तोंडानं सांगायचं. आणि मी सोबत येणार नाही."

इस्पितळ चालत दहा मिनिटांवर होते. वाटेत मी एक सुरुवात जुळवली, ती खोडली, दुसरी जुळवली. दारातून आत गेले तेव्हा एकही उरली नव्हती. अण्णा उशीला टेकून बसले होते. सुमतीकाकूंनी मला पाहून कोपऱ्यातली खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"अण्णा, तुम्ही म्हणाला होता."

"काय वो?"

"'संपलंच म्हणायचं.' तुम्ही म्हणाला होता. चार सेकंद थांबलाही होता. मी... आज ऐकवलं सगळ्यांना. तुमचं काही चुकलं नव्हतं. ते मधलं... ते मी काढून टाकलं होतं. तुमचं बोलणं मला दोष वाटला म्हणून. आणि शमीम सांगायला आल्या होत्या, तरी मी ते तसंच ठेवलं."

एरवी समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून ते काहीतरी बोलले असते. असू दे मॅडम, म्हणाले असते. मी त्याची वाट पाहत होते. आपण त्याची वाट पाहत आहोत हे लक्षात आले, तेव्हा मान वर करणे मला जमेना.

डाव्या हाताने अण्णा उजव्या बाहीचे मोकळे टोक पुन्हा पुन्हा दुमडत राहिले. थोड्या वेळाने सुमतीकाकू उठल्या, आणि माझ्यासाठी पुढे केलेली खुर्ची त्यांनी पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवली.